बाबांना हिपॅटायटिस-बी ची लस ‘लागत’च नाहीये. डॉक्टर म्हणतात लसीबरोबर एक प्रोटीन टोचू. हे काय असतं?

भांडुपची_लेक

नमस्कार मंडळी. इथे बराच काळ नुसती वाचते, लिहिते पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त. मधुमेहाने दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं झाली डायलिसिसला, सोम-बुध-शुक्र, पहाटेची पाळी. साडेपाचला रिक्षात बसवते, मशीनला लावलं की तिथूनच ऑफिसला पळते.

डायलिसिसवाल्यांना हिपॅटायटिस-बी ची लस घ्यावीच लागते, तसं आम्हीही घेतली. दुप्पट डोस, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, चार वेळा: शून्य, एक, दोन आणि सहा महिने. नंतर अँटीबॉडी तपासली तर ३. निदान १० हवी. पुन्हा पहिल्यापासून चारही डोस. या वेळी ६. बाबा म्हणाले, “चार डोसांत तीन पैसे भाडं वाढलं, बेस्टपेक्षा बरं आहे.”

परवा राउंडच्या घाईत डॉक्टर म्हणाले, “शरीर लसीची दखलच घेत नाहीये. जीएम-सीएसएफ नावाचं एक प्रोटीन असतं, ते लसीच्याच जागी टोचून पाहता येईल. नाहीतर लस स्नायूत न देता कातडीत देऊ. विचार करा.” आणि गेले पुढच्या खाटेकडे. मी तिथे मोबाइलवर स्पेलिंग लिहीत उभी.

भाऊ म्हणतो हे इम्युनिटी बूस्टरच आहे, घेऊन टाका. मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, हे नक्की काय करतं? दुसरी, लस याने चांगली लागत असेल तर सरसकट सगळ्यांच्याच लसीत का नाही घालत? बाबांवर प्रयोग होतोय असं तर नाही ना?

काढा_एके_काढा

ताई, सकाळी अनशापोटी गुळवेलाचा काढा आणि चिमूटभर हळद. तीन महिन्यांत फरक. आमच्या शेजारच्यांना आला.

मशीन_नंबर_सात

वरच्या दादांना हात जोडून विनंती, किडनीच्या पेशंटला असलं काही सांगू नका. गुळवेलाने लिव्हरला इजा झालेल्या केसेस २०२१ मध्ये आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी छापल्या आहेत. इथे किडनी गेलीच आहे, लिव्हर तरी राहू द्या.

ताई, मी ११ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. प्रोटीनचं जाणकार सांगतील, मी आमच्या बाजूचं सांगतो. तिसऱ्यांदा काही टोचण्याआधी या गोष्टी बघून घ्या:

अँटीबॉडी कधी तपासली? शेवटच्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांनी तपासायची असते. सहा महिन्यांनी तपासली तर वर चढून खाली आलेली असू शकते.

लस दंडात दिली की कमरेत? कमरेत चरबीत जाते, तिथे नीट लागत नाही.

एचबीएसएजी तपासलंय का? म्हणजे आजार आधीच अंगात नाही ना? बहुतेक झालंच असेल, कारण पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन आम्ही वेगळं ठेवतो. तरी फाइल उघडून बघा.

आणि फ्रिज. याच्याकडे कोणी बघत नाही. ही लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची, बर्फ होऊ द्यायचा नाही. एकदा गोठली की कामातून गेली. मागे एका ठिकाणी (नाव नाही घेत) कोणीतरी लसीचा डबा वर फ्रीझरला चिकटवून ठेवला होता. कुपी हलवली तर खाली दही बसल्यासारखं. सगळी फेकायला लावली तेव्हा मॅनेजर आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

जीएम-सीएसएफ आमच्या सेंटरला लसीबरोबर दिलेलं मी स्वतः एकदाही पाहिलं नाही. वाईट आहे असं म्हणत नाही. पाहिलं नाही, एवढंच.

चिंचपोकळीकर

सातनंबरवाल्यांनी फ्रिजचं काढलं, त्यामुळे माझी खाज जागी झाली. ताई, तुमचा दुसरा प्रश्न लाखाचा आहे. माझी उभी नोकरी त्याच्या आसपास गेली. परळच्या एका प्रयोगशाळेत ३१ वर्षं उंदीर, सीरम आणि शीतपेट्या. डॉक्टर नाही मी, बाबांना काय द्यायचं ते सांगणार नाही. पण हे प्रोटीन म्हणजे काय ते सांगू शकतो. चहा घेऊन बसा.

कुपी गोठल्यावर खाली दही का बसतं? कारण त्या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. विषाणूचं प्रोटीन त्याच्या कणांना चिकटलेलं असतं, गोठलं की कण एकमेकांना धरतात आणि गुठळ्या होतात. हा क्षार तिथे ठेवलाय कशाला? १९२६ मध्ये इंग्लंडात ग्लेनी नावाच्या गृहस्थांनी घटसर्पाच्या लसीत तुरटी घालून पाहिली. तीच, न्हाव्याकडे असते ती. लस कितीतरी जास्त चालली. त्याच्या थोडंच आधी फ्रान्समध्ये रामों नावाचे शास्त्रज्ञ घोड्यांना लस टोचत होते. ज्या घोड्याच्या टोचल्या जागी गळू होई त्याच्या रक्तात जास्त प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटीबॉडी, सापडत, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ते मुद्दामच लसीत पावाचा चुरा, टॅपिओका असलं काहीबाही घालू लागले. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो ते. एकादशीला मी हे घरी सांगितलं होतं, खिचडी कोणी खाल्ली नाही.

मुद्दा असा की नुसतं शत्रूचं चित्र दाखवून शरीर उठत नाही. सोबत आरडाओरडा लागतो. त्या घोड्याचं गळू म्हणजे आरडाओरडा. तुरटी म्हणजेही तेच. इम्युनॉलॉजीतले, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातले, मोठे गुरुजी चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये उघडच कबूल केलं की लसीत हे असलं काही मिसळल्याशिवाय आमचं काही चालत नाही, आणि हे आमच्या धंद्यातलं झाकून ठेवलेलं गुपित आहे.

आता ओरडतं कोण? पेशीच. आणि ओरडतात त्या ज्या शब्दांनी, ते शब्द म्हणजे ही प्रोटीनं. सायटोकाइन म्हणतात. इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी शोधलं, ते यातलंच. इंटरल्यूकिन १, २, ४, ६, १२, १५ अशी पुढे रांग लागली. तुमच्या डॉक्टरांचं जीएम-सीएसएफ त्याच घरातलं. लस घेतल्यावर रात्री ताप येतो ना, तो लसीचा नसतो. इंटरल्यूकिन-१ आणि ६ मेंदूपर्यंत जातात आणि तिथलं थर्मोस्टॅट वर सरकवतात.

मी लहानपणी लालबागच्या चाळीत राहायचो. पहाटे साडेचारला नळ येई. जिचा घडा पहिला लागे ती जिन्यातून ओरडे, “पाणी आलं गंऽऽ!” आणि मजल्यावरची दारं धडाधड उघडत. ती हाक त्या चाळीपुरती, त्या पंधरा मिनिटांपुरती. सायटोकाइन हे असं असतं. एका पेशीने बाजूच्या पेशीला मारलेली हाक. रक्तात सोडलं तर इंटरल्यूकिन-२ काही मिनिटांत निम्मं उरतं. शरीराने ते मुद्दामच असं अल्पायुषी ठेवलं आहे.

मग शहाण्या माणसांना वाटलं, तुरटीसारखं ओबडधोबड काही घालण्यापेक्षा थेट हाकच बाटलीत भरून देऊ की. यात काही मूर्खपणा नव्हता. आम्हालाही तसंच वाटायचं.

जीएम-सीएसएफचं काम असं. स्नायूत पहारेकरी पेशी थोड्या असतात. डेंड्रायटिक म्हणतात त्यांना, फांद्या फुटल्यासारख्या दिसतात. त्या लसीचं प्रोटीन उचलून काखेतल्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तिथे टी-पेशींपुढे, म्हणजे प्रतिकाराच्या फौजेपुढे, मांडतात. जीएम-सीएसएफ टोचलं की या पहारेकऱ्यांची त्या जागी गर्दी होते आणि त्या तयार होतात. डायलिसिसच्या रुग्णांत रक्तातल्या घाणीमुळे या पेशी आणि टी-पेशी दोन्ही मंदावलेल्या असतात, म्हणून हा उपाय तिथे तपासावासा वाटला. लहान लहान चाचण्या झाल्या, त्या एकत्र मांडल्यावर निष्कर्ष निघाला तो बाजूने. अँटीबॉडी तयार होणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. म्हणजे तुमचे डॉक्टर हवेत बोलत नाहीयेत.

एक खबरदारी. जीएम-सीएसएफ आणि जी-सीएसएफ या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरं म्हणजे फिलग्रास्टिम, केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला देतात ते, केमिस्टकडे सर्रास मिळतं. नावात एका ‘एम’चा फरक आहे. चिठ्ठी नीट वाचून घ्या.

आता, सगळ्यांनाच का देत नाहीत?

इंटरल्यूकिन-२ चंच बघा. १९८९ मध्ये जर्मनीतल्या मंडळींनी डायलिसिसच्या अशाच ‘न लागणाऱ्या’ रुग्णांना हिपॅटायटिस-बी च्या लसीजवळ अगदी थोडं इंटरल्यूकिन-२ दिलं आणि काही जणांना अँटीबॉडी आल्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमच्याकडे त्याची झेरॉक्स अशी फिरली की शेवटी अक्षर वाचता येईना. पाच वर्षांनी फ्रान्समध्ये रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना खोटं. फरक नाही. आमच्या साहेबांनी ती झेरॉक्स ड्रॉवरमध्ये टाकली, पुन्हा काढली नाही.

जीएम-सीएसएफचंही सगळं गोड नाही. मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरच्या लसीबरोबर ते दिलं, तर एका मोठ्या चाचणीत टी-पेशींचा प्रतिसाद उलट कमी भरला. तीच हाक फार वेळ, फार जोरात मारली की शरीर पहारेकऱ्यांऐवजी दंगा शमवणाऱ्या पेशी पाठवतं.

आणि इंटरल्यूकिन-१२. हे मी कधी विसरणार नाही. १९९५, अमेरिका, किडनीच्या कॅन्सरची चाचणी. हे लसीबरोबर नव्हतं, सरळ शिरेतून होतं. १७ रुग्ण, बहुतेक सगळे गंभीर, दोघे दगावले. डोस आधीच्या चाचणीत सोसलेलाच होता. मग बिघडलं काय? आधीच्या चाचणीत खऱ्या कोर्सच्या दोन आठवडे अगोदर एक एकटा डोस देऊन बघत असत. नव्या चाचणीत तो एक डोस गाळला. तो डोस शरीराला सावध करून ठेवत होता, पुढची तीव्रता तोच कमी करत होता, हे नंतर उंदरांत पाहिल्यावर कळलं. तेच प्रोटीन, तेवढंच प्रमाण, नुसतं वेळापत्रक बदललं.

ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराची गोष्ट याहून वरताण. २००१ मध्ये छापली गेली. त्यांना उंदरांची पैदास थांबवणारी लस करायची होती. उंदरांच्या देवीचा विषाणू घेतला, त्यात उंदरीच्या अंड्याचं एक प्रोटीन घातलं आणि अँटीबॉडी भरपूर याव्यात म्हणून इंटरल्यूकिन-४ चं जनुकही घातलं. हेतू साधा, तुमच्या डॉक्टरांसारखाच: लस जरा बरी लागावी. झालं असं की जे उंदीर जन्मजात त्या देवीला पुरून उरतात तेही मेले. आधी लस टोचलेल्यांमधलेही बरेच मेले. अँटीबॉडीची हाक इतकी मोठी झाली की विषाणू लागलेल्या पेशी मारणारी फौज जागेवरून हललीच नाही.

तर ताई, तुमच्या भावाला सांगा, ‘बूस्टर’ हा शब्द यासाठी नाही. पाणी आलं ही हाक लालबागभर भोंग्यावरून, दुपारी दोन वाजता मारली तर पाणी जास्त येत नाही. बायकांची कळशीवरून डोकी फुटतात.

माझं स्वतःचं सांगू का? नव्वदीच्या दशकात आम्ही परदेशातून अशा एका प्रोटीनची कुपी मागवली. आत १० मायक्रोग्रॅम, डोळ्यांना दिसत नाही एवढं. माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी किंमत. सहार विमानतळाच्या कार्गोला कुठल्याशा कागदावर सही राहिली म्हणून नऊ दिवस अडकली. मी घ्यायला गेलो तेव्हा खोक्यातला कोरडा बर्फ कधीच उडून गेला होता, आत कोमट. तरी आशेवर उंदरांना टोचलं. काही झालं नाही. प्रोटीन मेलेलं. तुरटी नऊ दिवस सोडा, नऊ महिने फलाटावर पडली तरी तुरटीच राहते. सगळ्यांच्या लसीत का नाही, याचं अर्धं उत्तर त्या खोक्यात आहे.

कालिना_एमएस्सी

काका, भारी लिहिलंय. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, थोडं पुढचं जोडते.

हाक बाटलीत भरण्यापेक्षा शरीरालाच हाक मारायला लावणं जास्त यशस्वी झालंय. सीपीजी म्हणून डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, तो जंतूच्या डीएनएसारखा दिसतो. पेशीतल्या टीएलआर-९ या खटक्यावर बसतो आणि पेशी स्वतःच इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन-६, १२ सोडते, स्वतःच्या मापाने. हेप्लिसॅव-बी या हिपॅटायटिस-बी च्याच लसीत हे आहे. अमेरिकेत २०१७ ला मंजूर झाली, तीनऐवजी दोन डोस. तेच सीपीजी हैदराबादच्या कॉर्बेव्हॅक्समध्येही आहे. २०२२ च्या मार्चमध्ये १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिली ना, तीच. माझ्या भाच्याने गोरेगावात घेतली आणि फक्त हात दुखला म्हणून शाळा बुडवली. कोव्हॅक्सिनमध्येही तुरटीच्या भावंडाला असाच एक खटका दाबणारा रेणू चिकटवलेला आहे.

नागिणीच्या नव्या लसीत चिलीमधल्या एका झाडाच्या सालीचा अर्क आणि जिवाणूच्या आवरणातला एक स्निग्ध पदार्थ. उंदरांत पाहिलं तर पहिल्या काही तासांतच ग्रंथीत इंटरफेरॉन-गॅमा येतं, आणि ते अडवलं की लसीचा जोर उतरतो. म्हणजे शेवटी काम सायटोकाइनच करतं, फक्त बाहेरून ओतलेलं नसतं.

पण काकांशी एका बाबतीत भांडते. बाहेरून द्यायचं सायटोकाइन अगदीच ड्रॉवरमध्ये गेलं नाही. प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यात, इंटरल्यूकिन-१२ चं जनुक घालून एचआयव्हीच्या डीएनए लसींबरोबर माणसांत दिलंय, स्नायूतल्या थोड्याच पेशी ते बनवतात, रक्तात पूर येत नाही. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीबरोबर (क्षयाची लस, तीच) इंटरल्यूकिन-१५ वर बेतलेलं औषध मंजूर झालं. १९२१ ची बीसीजी आणि सोबत नवीन सायटोकाइन!

चिंचपोकळीकर

पोरी, भांडण मान्य. पण बघ, मूत्राशय म्हणजे बंद पिशवी. औषध आत घालायचं, दोन तासांनी बाहेर. प्लाझ्मिडही त्याच स्नायूत. जिथे जिथे जमलं तिथे तिथे चाळीचं दार बंद होतं. तू माझंच म्हणणं पुढे नेलंस.

भांडुपची_लेक

काका, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभ्याने वाचलं, मुलुंडऐवजी ठाण्याला उतरले. उलट्या गाडीने आले.

फाइल बघितली. लस दंडात, एचबीएसएजी निगेटिव्ह, तपासणी सहा आठवड्यांनी. सातनंबर दादा, धन्यवाद. फ्रिजचं विचारलं तर सिस्टर हसल्या आणि तापमानाची वहीच पुढे केली.

पण एक अडलं. बाबांच्या रिपोर्टमध्ये सूज दाखवणारे आकडे कायम वाढलेले असतात. डॉक्टर म्हणाले डायलिसिसवाल्यांत इंटरल्यूकिन-६ पण जास्त असतं. मग हाका तर आधीच चालू आहेत की! तरी लस का लागत नाही?

चिंचपोकळीकर

आता कसं! हा प्रश्न आमच्याकडे एमडी झालेले विचारत नसत.

ज्या चाळीत दिवसभर कोणी ना कोणी “पाणी आलं” ओरडतंय, तिथे खरंच आल्यावर कोण उठेल? किडनी गेल्यावर अंगात बारीक जळजळ कायमची मुक्कामाला येते. रोजच्या गोंगाटाने पेशी निबर होतात, नव्या हाकेला तोंड वर करत नाहीत. म्हणून अशा रुग्णात आणखी हाक ओतावी की नाही याबद्दल मी आधीपासून जरा साशंक आहे. चाचण्यांचा कल बाजूने आहे हे वर लिहिलंय, ते खोटं करत नाही. माझा स्वभाव म्हणा.

पण डॉक्टरांनी दुसरी गोष्टही सांगितली होती, कातडीतली लस. ती तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये अर्ध्या ओळीत उडवलीत. माझ्या मते तीच बातमी आहे. जीएम-सीएसएफ काय करतं? पहारेकऱ्यांना स्नायूत बोलावून आणतं. पण ते पहारेकरी कातडीत मुळातच खच्चून भरलेले असतात! लँगरहान्स पेशी त्यांच्याच जातीच्या. मग त्यांना निरोप धाडून बोलवायचं कशाला, लसच घेऊन त्यांच्या दारात जायचं. थेंबभर लस लागते. ४० मायक्रोग्रॅमच्या जागी ५, दर आठवड्याला, आठ आठवडे, अशी डायलिसिसच्या न लागणाऱ्या रुग्णांवर चाचणी झालेली आहे आणि स्नायूतल्या मोठ्या डोसांपेक्षा ती सरस ठरली.

अवघड काय, तर हात. सुई जवळपास आडवी धरून कातडीच्या वरच्या थरातच सोडायची, संत्र्याच्या सालीसारखा फुगा यायला हवा. बीसीजी देणाऱ्या जुन्या सिस्टरांचा हात यात बसलेला असतो. खोल गेली तर सगळं मुसळ केरात.

डॉक्टरांना एवढं विचारा: तुमच्याकडे कातडीत देणारा हात कोणाचा आहे? आणि जीएम-सीएसएफ द्यायचं ठरलंच तर किती, कधी, लसीच्या किती तास आधी? या तिसऱ्याचं उत्तर पटकन आलं तर माणूस जाणता आहे.

मशीन_नंबर_सात

डायलिसिसच्याच दिवशी द्यायला सांगा. आठ आठवडे म्हणजे आठ खेपा वाढायला नकोत. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया लागतात तो, हात सोडून दुसऱ्या हाताला. आणि नंतर दर वर्षी अँटीबॉडी तपासायची, १० च्या खाली गेली तर एक डोस. आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो.

काढा_एके_काढा

शेजारच्यांना डायलिसिस नव्हतं. माघार घेतो.

भांडुपची_लेक

चार महिन्यांनी येतेय, सॉरी. दरम्यान बाबांच्या फिस्टुलाचं एक ऑपरेशन झालं.

डॉक्टरांना काकांचे प्रश्न विचारले. पहिल्यावर त्यांनी एका वयस्कर सिस्टरना हाक मारली. ३० वर्षं बाळांना बीसीजी दिलेल्या. तिसऱ्यावर म्हणाले, “हे कोणी शिकवलं?” मी म्हटलं, चिंचपोकळीने. शेवटी जीएम-सीएसएफ नकोच ठरलं, आधी कातडीत. आठ बुधवार, ५ मायक्रोग्रॅम. सहाव्या वेळी सिस्टर रजेवर होत्या, दुसऱ्या मुलीने दिली, फुगा आलाच नाही. बाबांनी लगेच ओळखलं, “हे तिकीट फाटलं नाही.” पुढच्या बुधवारी तो डोस पुन्हा.

काल रिपोर्ट आला. २३.

मी रिक्षात रडले. बाबांनी कागद डोळ्यांसमोर धरला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, “सुट्टे आहेत. पण आहेत.”

चिंचपोकळीकर

२३! सिस्टरना माझा नमस्कार सांगा. आणि सातनंबरवाल्यांचा लाल पेन आणा.